गाळाची गाठ

शांघायच्या तोंगची विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मैला शुद्धीकरण केंद्रातला गाळ बंद भांड्यांत भरून ठेवला होता. आत हवा जाणार नाही याची काळजी घेतलेली, तापमान खोलीचेच. भांड्यांमध्ये फरक एवढाच होता, की काहींत एक रसायन वेगवेगळ्या मापाने मिसळले होते. सोडियम डोडेसिल बेन्झीन सल्फोनेट, म्हणजे एसडीबीएस. नाव जड असले तरी ओळख घराघरातली आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत मळ काढण्याचे मुख्य काम ज्या जातीचे रसायन करते, त्याच जातीतले हे.

सहाव्या दिवशीचे आकडे असे. ज्या गाळात काहीच मिसळले नव्हते, त्यात मेदाम्ले निघाली लिटरमागे ३३९.१ मिलिग्रॅम. ज्यात गाळाच्या प्रत्येक ग्रॅममागे ०.०२ ग्रॅम एसडीबीएस होते, त्यात निघाली २,५९९.१ मिलिग्रॅम. साडेसात पटींहून अधिक! ना उष्णता दिली, ना दाब, ना कुठले महागडे यंत्र.

ज्यांग सू, चन यिनग्वांग, जोउ ची आणि गू ग्वोवेई या चौघांचा हा शोधनिबंध ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात २००७ साली छापून आला. मैलापाण्याच्या क्षेत्राबाहेर त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. मला मात्र ही या शतकाच्या सुरुवातीची एक मोठी रंगतदार शोधकथा वाटते. आकडे चकित करणारे आहेतच. पण खरी गंमत अशी, की मैलापाण्याच्या अभियंत्यांनी ज्या रसायनाला अर्धे शतक शिव्या घातल्या, तेच इथे त्यांच्या मदतीला धावून आले.

ही आम्ले कुणाला हवी होती, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

३ एप्रिल १९१४ रोजी मँचेस्टरच्या ग्रँड हॉटेलात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी एक निबंध वाचला. शहराच्या डेव्हिहल्म केंद्रात ते मैलापाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग करत होते. पाणी पुरते शुद्ध व्हायला सुरुवातीला पाच आठवडे लागले. तोवरची रीत अशी, की प्रयोग संपला की तळाचा गाळ फेकून द्यायचा. यांनी तो ठेवला आणि त्यावर ताजे मैलापाणी ओतून पुन्हा हवा सोडली. असे करत गेल्यावर पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंची फौज होती; अशा गाळाला सक्रिय गाळ म्हणतात. आज जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांचे मैलापाणी याच पद्धतीने शुद्ध होते. या दोघांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. भारतात या विषयाचे बी त्यांनी पेरले, असे म्हणायला हरकत नाही.

त्या बियाला फळ धरले १९५९ साली. याच संस्थेतल्या श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई या तिघांनी ‘एक्सपेरिएन्शिया’ या स्विस नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. सक्रिय गाळात जोरात हवा सोडली, की पाण्यातला फॉस्फरस भराभर कमी होतो, आणि जिवाणूंना जगण्यापुरता लागतो त्याहून कितीतरी जास्त कमी होतो, असे त्यांना दिसले होते. फॉस्फरस तळ्यात गेला की शेवाळ माजते. तो काढायला लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार ओतावे लागतात, त्यांचा खर्च होतो आणि गाळही वाढतो. इथे तर जिवाणूच फुकटात तो गिळत होते. पण हे कधी घडायचे, कधी नाही. काही केंद्रांत फॉस्फरस हमखास उतरायचा, काही केंद्रांत काही केल्या उतरायचा नाही.

या लहरीपणाचा छडा लावण्यात पुढची वर्षे गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाच्या डासपोर्ट इथे जेम्स बर्नार्ड नत्र काढण्याचा प्रायोगिक संच चालवत होते. त्यांच्या संचात नत्राबरोबर फॉस्फरसही निघून जाऊ लागला. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी यामागची अट हेरली. हवा मिळण्याआधी गाळाला काही वेळ असा काढावा लागतो, की ना प्राणवायू मिळतो ना नायट्रेट. या टप्प्यात फॉस्फरस गिळणारे जिवाणू उलट आपल्याजवळचा फॉस्फरस पाण्यात सोडतात. त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर ते पाण्यातली लहान मेदाम्ले, म्हणजे व्हिनेगरमधले असेटिक आम्ल, प्रोपिऑनिक आम्ल असली आम्ले आत ओढतात आणि पेशीत साठवतात. पुढे हवा मिळाली, की तो साठा जाळून, सोडला होता त्याहून जास्त फॉस्फरस ते परत गोळा करतात. म्हणजे अट दुहेरी होती. हवा नसलेला टप्पा हवा, आणि त्या टप्प्यात मेदाम्लांचा खुराक हवा. खुराक नसेल तर फॉस्फरस उतरत नाही.

कॅनडातल्या ओकानागन सरोवराकाठच्या केलोना शहराने १९८२ साली या ज्ञानाचा सरळ उपयोग केला. मैलापाण्यातला जड गाळ पहिल्याच टाकीत तळाशी बसतो. तो थोडा आंबू द्यायचा आणि वरचे आंबट पाणी फॉस्फरसवाल्या जिवाणूंना पाजायचे. ही युक्ती सफल झाली. पण ती प्राथमिक गाळाची होती. प्राथमिक गाळात अन्नाचे कण, कागदाचे तंतू, विष्ठा असे सहज आंबणारे पदार्थ असतात. दुसऱ्या टप्प्यातला सक्रिय गाळ, म्हणजे आर्डर्न-लॉकेट यांची ती फौज, अशी सहजासहजी आंबत नाही. आणि केंद्रातून रोज बाहेर काढावा लागणारा, वाहून न्यावा लागणारा, पुरावा किंवा जाळावा लागणारा गाळ मोठ्या प्रमाणात हाच असतो. केंद्राच्या चालू खर्चाचा मोठा वाटा त्याची विल्हेवाट लावण्यात जातो.

चीनपुढे हा प्रश्न अधिक तीव्र होता. तिथल्या अनेक शहरांच्या मैलापाण्यात नत्र-फॉस्फरस भरपूर असतो, पण जिवाणूंना खायला लागणारा सेंद्रिय कर्ब अपुरा पडतो. नत्र काढायला कर्ब लागतो, फॉस्फरस काढायलाही लागतो, आणि दोन्हीकडे एकाच तोकड्या शिदोरीवर ओढाताण चालते. मग टँकरने मिथेनॉल किंवा सोडियम असेटेट विकत आणून पाण्यात ओतायचे. विचार करून पाहा. एका दाराने कर्बाने भरलेला गाळ पैसे देऊन बाहेर काढायचा, आणि दुसऱ्या दाराने पैसे देऊनच कर्ब आत आणायचा.

हा निबंध ज्या वर्षी आला, त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस शांघायपासून फारसे दूर नसलेल्या वूशी शहरात नळाला दुर्गंधीयुक्त पाणी आले. शहराला पाणी पुरवणाऱ्या तायहू सरोवरात निळ्या-हिरव्या शेवाळाचा प्रचंड थर माजून सडला होता. सुमारे वीस लाख लोकांना कित्येक दिवस ते पाणी पिता आले नाही. दुकानांतल्या बाटल्या हातोहात संपल्या. सरोवरात उतरणारा नत्र आणि फॉस्फरस हे त्या थराचे खाद्य होते. प्रयोग त्याआधीच झालेले होते, त्यामुळे एकातून दुसरे घडले असे नाही. पण तोंगचीतली ही मंडळी कुठल्या संकटाच्या छायेत काम करत होती, ते यावरून ध्यानात येते.

तर प्रश्न हा, की गाळातच कर्ब आहे, तर तो बाहेर का निघत नाही?

सूक्ष्मदर्शकाखाली सक्रिय गाळाचा थेंब धरला, की सुटे जिवाणू फारसे दिसत नाहीत. दिसतात ते पुंजके. प्रत्येक पुंजक्यात असंख्य पेशी एका चिकट पदार्थात रुतलेल्या असतात, पाकात वळलेल्या लाडवासारख्या. हा चिकटा जिवाणूंनी स्वतःच स्रवलेला असतो, प्रथिने आणि कर्बोदकांचा. त्याच्यामुळेच पुंजके जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी नितळ निघते. म्हणजे शुद्धीकरणाच्या वेळी जो चिकटा उपकारक, तोच आंबवण्याच्या वेळी आडवा येतो. आंबवणाऱ्या जिवाणूंना आधी ही प्रथिने-कर्बोदके पाण्यात विरघळलेली हवीत, मग त्यांचे तुकडे, मग आम्ल. पहिलीच पायरी अडली, की पुढचे सगळे थंडावते. त्यातून जे थोडे आम्ल बनते, त्यावर टपलेले मिथेनजनक सूक्ष्मजीव त्याचा वायू करून टाकतात. ३३९ चा आकडा एवढा दुबळा का, याचे उत्तर यातच आहे. आवक तुटपुंजी आणि जे येईल ते खाऊन टाकणारे शेजारी.

चन यिनग्वांग यांच्या गटाने आधी एक वाट शोधली होती. गाळाचा सामू दहावर नेला, म्हणजे तो चांगला क्षारयुक्त केला, तर आठव्या दिवशी सेंद्रिय घन पदार्थाच्या ग्रॅममागे २५६.२ मिलिग्रॅम मेदाम्ले मिळतात, हे त्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. आम्ल बनत असताना सामू सारखा खाली येऊ पाहतो, म्हणून सतत क्षार घालत राहावा लागतो. वाट चांगली, पण राखण करावी लागणारी. मग प्रश्न आला, की क्षाराऐवजी साबणाच्या जातीचे काही चालेल का?

इथे मला या लोकांच्या धाडसाचे मनापासून कौतुक वाटते, कारण मैलापाण्याच्या जगात या रसायनांची अब्रू फार वाईट होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम डिटर्जंटचा सुळसुळाट झाला आणि १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या शुद्धीकरण केंद्रांच्या टाक्यांवर, नद्यांच्या बांधांखाली फेसाचे ढीग उभे राहू लागले. त्या वेळच्या रसायनाची कर्बसाखळी फांद्यांची होती आणि जिवाणूंना ती तोडता येत नव्हती. जर्मनीत १९६४ पासून कायद्याने, अमेरिकेत १९६५ पर्यंत उद्योगांनीच, सरळ साखळीची रसायने आणली. ती हवेत लवकर विघटित होतात. पण एक खोट राहिलीच. प्राणवायू नसलेल्या ठिकाणी तीही फारशी तुटत नाहीत, गाळाला चिकटून बसतात. मिथेनवर चालणाऱ्या गाळटाक्यांत ती जास्त झाली, की मिथेनजनक सूक्ष्मजीव आजारी पडतात, ही केंद्र चालवणाऱ्यांची जुनी तक्रार. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाच्या लाद्या तरंगताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या रसायनांबद्दल कुणी चांगले बोलले तर पटणार नाही. तोंगचीच्या गटाने मात्र तीच जुनी तक्रार उलटी वाचली. मिथेनजनक आजारी पडत असतील, तर आम्ल खाणारे कमी होतील. आपल्याला तर आम्लच हवे आहे!

साडेसात पट आकडा हाती आल्यावर कुणीही हुरळून गेला असता. त्यांनी तो आधी संशयाने पाहिला. आम्ल आले कुठून? तीन वाटा संभवत होत्या. एक, एसडीबीएसने निव्वळ रासायनिक रीतीने गाळ फोडला असेल, जिवाणूंचा त्यात काही हात नसेल. दुसरी, एसडीबीएस हेच सेंद्रिय रसायन आहे, तेच कुजून त्याचे आम्ल झाले असेल, आणि आपण ओतलेलेच आपल्याला परत मिळाले असेल. तिसरी, जिवाणूंनीच ते बनवले असेल. पहिल्या दोन शंका खऱ्या निघाल्या असत्या, तर सगळा डोलारा कोसळला असता.

त्यांच्या प्रयोगांचा निष्कर्ष तिसऱ्या बाजूने लागला. रासायनिक परिणामाचा वाटा नगण्य, एसडीबीएसच्या विघटनाचाही नगण्य, मुख्य काम जिवाणूंचे. दुसरी शंका तर साध्या हिशोबानेही ढिली पडते. इथे आम्लाची मोजणी प्राणवायूच्या मागणीच्या मापाने केलेली असते. त्या मापाने एक ग्रॅम एसडीबीएस म्हणजे सव्वादोन ते अडीच ग्रॅम. दाट केलेल्या गाळात लिटरमागे पंधरा ग्रॅम घन पदार्थ धरला, तर त्यात मिसळलेले एसडीबीएस होते ०.३ ग्रॅम. त्याचा कण न् कण आम्लात बदलला असे मानले, तरी ७०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतील. वाढ तर २,२६० मिलिग्रॅमची होती.

मला सर्वात बोलका पुरावा वाटतो तो आम्लांच्या यादीतला. सहाव्या दिवशीच्या द्रवात असेटिक आम्ल २७.१ टक्के आणि प्रोपिऑनिक २२.८ टक्के होते. त्यानंतर आयसोव्हॅलेरिक २०.१, आयसोब्युटिरिक ११.९, ब्युटिरिक १०.४ आणि सरळ साखळीचे व्हॅलेरिक ७.७ टक्के. यातली नावात ‘आयसो’ असलेली दोन आम्ले पाहा. आयसोव्हॅलेरिक आम्ल म्हणजे घामट मोज्यांचा तो नकोसा वास. जिवाणू जेव्हा ल्युसीन आणि व्हॅलीन ही अमिनो आम्ले तोडतात, तेव्हा ही फांदीवाली आम्ले तयार होतात. ल्युसीन-व्हॅलीन असते प्रथिनांत, डिटर्जंटमध्ये नाही. एकूण आम्लाचा जवळजवळ तिसरा हिस्सा या दोघांचा आहे. चिकट्यातली आणि पेशींतली प्रथिने उघडी पडली आणि जिवाणूंनी ती खाल्ली, याची ही सही आहे.

एसडीबीएसच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, दुसरे तेलकट पदार्थाकडे. असा रेणू पुंजक्यात शिरला, की प्रथिने आणि कर्बोदके ज्या बंधांनी एकमेकांना धरून असतात ते सैल होतात आणि ती पाण्यात उतरतात. त्यांच्याबरोबर चिकट्यात अडकलेली पाचक एन्झाइमेही मोकळी होतात. पुंजक्याची गाठ सुटली, की आंबवणाऱ्या जिवाणूंपुढे ताट वाढलेले असते. दुसरीकडे मिथेनजनकांना हे रसायन बाधते. ते मुळातच संथ वाढणारे आणि नाजूक प्रकृतीचे, तर आम्ल बनवणारे चिवट. त्यामुळे बनलेले आम्ल भांड्यात साचत जाते. एकाच रसायनाने वरची दारे उघडली आणि खालची मोरी बुजवली.

प्रोपिऑनिक आम्लाचा मोठा वाटा ही आणखी एक जमेची बाजू. शुद्धीकरण टाकीत फॉस्फरस गिळणाऱ्यांचे काही प्रतिस्पर्धी जिवाणू असतात. तेही आम्ल साठवतात, पण फॉस्फरस उचलत नाहीत. नुसत्या असेटिक आम्लावर हे फुकटे सहज माजतात. प्रोपिऑनिक मिसळलेले असेल तर पारडे फॉस्फरसवाल्यांकडे झुकते. बाजारातून आणलेल्या सोडियम असेटेटमध्ये ही सोय नाही, गाळाच्या आंबट पाण्यात ती आपसूक होती. आपण बनवलेली आम्ले फॉस्फरस काढायच्या कामी कितपत येतात, याची चाचणी या गटाने त्याच निबंधात घेतली.

पुढच्या वर्षांत चीनमध्ये या विषयाला उधाण आले. एसडीबीएसच्या जागी इतर रसायने आली. त्यांतले मला सर्वात आश्वासक वाटते ते रॅम्नोलिपिड. स्यूडोमोनास नावाचे जिवाणू ते स्वतःच तयार करतात. साखरेचा एक भाग आणि मेदाचा एक भाग जोडलेला हा निसर्गाचा साबण पुंजका तसाच सैल करतो आणि काम झाल्यावर कुजूनही जातो.

कुजून जाणे इथे कळीचे आहे. एसडीबीएसचा हिशोब तिथेच अडतो. ग्रॅममागे ०.०२ ग्रॅम म्हणजे किलोमागे २०,००० मिलिग्रॅम. डेन्मार्कने शेतात टाकायच्या गाळासाठी या जातीच्या रसायनावर २००० सालापासून घातलेली मर्यादा होती किलोमागे १,३०० मिलिग्रॅम. म्हणजे प्रयोगातले माप मर्यादेच्या पंधरा पट. आंबवण्याच्या टाकीत हवा नसल्यामुळे ते तिथे तुटणार नाही. द्रवाबरोबर पुढे गेलेला भाग हवेच्या टाकीत तुटेल, पण उरल्या गाळाला चिकटलेला भाग शेतात जाईल. शिवाय पुंजके फुटले की त्यांतला नत्र आणि फॉस्फरसही द्रवात उतरतो. ज्याला हाकलायचे तोच पुन्हा आत येतो. म्हणून या द्रवात आधी मॅग्नेशियम घालून अमोनिया आणि फॉस्फरस यांचा पांढरा खडा बसवतात. तो खत म्हणून वापरता येतो. मगच ते आंबट पाणी जिवाणूंपुढे ठेवतात. गाळ आणि पाणी वेगळे करणेही आता अवघड होते, कारण चिकटा सुटलेला गाळ नीट बसत नाही.

आज मोठ्या केंद्राच्या व्यवस्थापकाने विचारले तर मी त्याला एसडीबीएसची पोती मागवायला सांगणार नाही. सामू वाढवण्याची वाट अजून स्वस्त पडेल, आणि रॅम्नोलिपिडचा दर उतरला तर ते सरस ठरेल. पण शहरांच्या गाळात डिटर्जंट नाहीतरी येतेच, न घालता. आपल्या घरांतून वाहत जाणारे हे रसायन गाळात किती साचलेले आहे आणि ते आधीच तिथे काय काय उलथापालथ करते आहे, हे मोजल्याशिवाय कुठल्याही गाळटाकीचा हिशोब यापुढे पुरा होणार नाही. मिथेन कमी का निघतो, अशी तक्रार करणाऱ्या केंद्राने मिथेनबरोबर आम्लही मोजून पाहावे.